आमच्या कोकमात काय बदललं आणि का

"कोकम ते कोकम, त्यात नवीन काय करणार?" असं दुकानात बरेच जण विचारतात. फळात काहीच नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते त्याच्या मूळच्या गुणांवर. बदललं ते आमचं काम, तेही बहुतेक वेळा गिऱ्हाइकांनी कान उपटले म्हणून.

आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची, बाटली मुंबईच्या गाडीत पाझरायची आणि बॅगेतले कपडे लाल. आता झाकणाखाली आतून बूच असतं.

आमसुलं दाताखाली कचकचतात, ही तक्रार जुनी. रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, सालं मीठ घातलेल्या त्याच्याच रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची; अशी पुटं चढली की आमसूल होतं. अंगणात वाळत घातलं की धूळ बसणारच, आणि मे महिन्यात वळीव आला तर बुरशी. म्हणून आता सालं जाळीवर, सोलर ड्रायरमध्ये वाळतात. पुटं मात्र पूर्वीइतकीच. ती कमी केली तर माल झटपट निघेल, पण कढीला रंग चढणार नाही.

मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, एरवी दगडासारखं घट्ट. टाचांच्या भेगांना लावायचं तर आधी वितळवा. सकाळी कामावर पळणाऱ्या बाईला एवढी सवड कुठली? त्यात खोबरेल मिसळून मऊ केलेली डबी आम्ही काढली. मिश्रण आहे, तसं डबीवर छापलंही आहे. निव्वळ मुठेल हवं असेल त्यांनी मुठा, म्हणजे त्याचा घट्ट गोळा, मागावा, तोही ठेवतो.

सगळ्यात जास्त मागणी कमी साखरेच्या अमृत कोकमाची, आणि तिथे आम्ही नाही म्हणतो. त्यातली साखर नुसती गोडीसाठी नसते, सरबत टिकतं तेही तिच्यामुळेच. ती कमी केली तर टिकवायला दुसरं काहीतरी घालावं लागेल, ते आम्हाला नको. त्याऐवजी बिनमिठाची वाळवलेली सालं पाकिटात देतो. मूठभर सालं रात्री भिजत घाला, सकाळी कुस्करून गाळा. साखर, मीठ, जिरं किती घालायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. डॉक्टरांनी साखर किंवा मीठ बंद केलं असेल तर मुळीच घालू नका.

पाकीट उघडलं की सालं हवाबंद बरणीत भरा, ओला हात लावू नका. मीठ नसल्यामुळे ती आमसुलांपेक्षा लवकर खराब होतात. शिवाय ती थोडीच निघतात, तेव्हा हवी असतील तर हंगाम सुरू होतानाच, एप्रिलमध्ये, दुकानात नाव नोंदवून ठेवा.