नीटनंतरची वैद्यकीय प्रवेशप्रक्रिया (मराठवाडा)

नीट परीक्षेचा निकाल लागल्यानंतर गुणवत्ता, प्रवर्ग आणि विद्यार्थ्याने भरलेला पसंतीक्रम यांच्या आधारे एमबीबीएस, बीडीएस व इतर वैद्यकीय अभ्यासक्रमांच्या जागा वाटण्याची केंद्रीभूत ऑनलाइन पद्धत. पालकांच्या बोलण्यात ती ‘काऊन्सेलिंग’ किंवा नुसती ‘राऊंड’ असते. लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर ही नीटच्या शिकवणीची मोठी केंद्रे असल्याने मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत ही प्रक्रिया घरोघरचा विषय झालेली आहे. अभ्यासाची तयारी अकरावीपासून, काही घरांत तर आठवीपासून सुरू होते. प्रवेशाची तयारी मात्र निकालानंतर सुरू होते, आणि गुण पुरेसे असूनही जागा हातची जाते ती बहुतेक वेळा याच टप्प्यावर.

नीट ७२० गुणांची असते. खुल्या प्रवर्गाला ५० आणि राखीव प्रवर्गांना ४० पर्सेंटाइलला, म्हणजे तितके टक्के परीक्षार्थी मागे असतील तिथे, पात्रता मिळते. पात्र ठरणे आणि शासकीय महाविद्यालयात जागा मिळणे यांत मोठे अंतर आहे. मोबाइलवर निकालात ‘पात्र’ पाहून पेढे वाटणाऱ्या घराला हे अंतर पहिल्या यादीच्या दिवशी कळते. गुण सारखे आले तर आधी जीवशास्त्राचे, मग रसायनशास्त्राचे गुण पाहिले जातात. देशभरातल्या क्रमांकाला ‘ऑल इंडिया रँक’ म्हणतात. राज्यात नोंदणी केल्यावर जो वेगळा राज्य गुणवत्ता क्रमांक मिळतो, त्याला विद्यार्थी ‘एसएमएल’ म्हणतात. महाराष्ट्रातल्या प्रवेशासाठी हाच क्रमांक कामाचा. गेल्या वर्षीच्या कट-ऑफशी तुलना करतानाही गुणांऐवजी एसएमएल घ्यावा. प्रश्नपत्रिकेच्या काठिण्याप्रमाणे गुण वर्षागणिक बरेच खालीवर होतात, क्रमांक त्या मानाने स्थिर राहतो.

दोन दरवाजे : शासकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. ते काम केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाची वैद्यकीय समुपदेशन समिती, म्हणजे एमसीसी, करते. उरलेल्या ८५ टक्के जागा आणि राज्यातल्या खासगी महाविद्यालयांचा राज्य कोटा मुंबईच्या राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडे, म्हणजे सीईटी सेलकडे, आहे. पूर्वी हे काम वैद्यकीय शिक्षण व संशोधन संचालनालय पाहत असे. दोन्हीकडे नोंदणी वेगळी, शुल्क वेगळे, वेळापत्रकही वेगळे. एकीकडे अर्ज केला म्हणजे दुसरीकडे झाला असे होत नाही. अभिमत (डीम्ड) विद्यापीठांच्या सर्व जागा एमसीसीकडेच असतात. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरचे एमजीएम वैद्यकीय महाविद्यालय गावात असूनही राज्याच्या यादीत सापडत नाही. ते अभिमत विद्यापीठाचे घटक आहे आणि अभिमतच्या नोंदणीला एमसीसी २ लाख रुपये अनामत घेते. अखिल भारतीय कोट्यासाठी ही अनामत खुल्या प्रवर्गाला १०,००० आणि राखीव प्रवर्गांना ५,००० रुपये आहे.

राज्य कोट्यासाठी विद्यार्थी महाराष्ट्राचा अधिवासी हवा, आणि दहावी व बारावी महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण हवी. अपवाद थोडे आहेत. ही अट सीमेवरच्या तालुक्यांना फार बोचते. देगलूर, उदगीर, उमरगा भागातल्या मुलांना कर्नाटकातले बिदर जवळ पडते. तिकडच्या शाळेत दहावी केलेला मुलगा नीटला कितीही गुण मिळवो, राज्याच्या ८५ टक्क्यांत सहसा बसत नाही. राजस्थानातल्या कोटा शहरी शिकवणीला जाऊन तिथल्याच एखाद्या शाळेत बारावीला नाव घालणाऱ्यांचीही हीच गत होते. हा निर्णय निकालाच्या दोन-चार वर्षे आधी, बहुधा नियम न वाचता, घेतलेला असतो आणि नंतर तो कोणालाच दुरुस्त करता येत नाही. शाळा बदलण्यापूर्वी पालकांनी सगळ्यात आधी पाहायची गोष्ट ही आहे.

सत्तर-तीसचा इतिहास : १९८५ पासून राज्यातल्या वैद्यकीय जागांना प्रादेशिक आरक्षण होते. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन विभाग होते. प्रत्येक विभागातल्या ७० टक्के जागा त्याच विभागातल्या विद्यार्थ्यांना आणि ३० टक्के राज्यभरासाठी असत. मराठवाड्यात महाविद्यालयेच थोडी असल्याने इथल्या मुलांचे ७० टक्के म्हणजे थोड्यांतले ७० टक्के ठरत. पुण्या-मुंबईत कमी गुणांवर प्रवेश होत असताना लातूरचा मुलगा जास्त गुण घेऊन बाहेर राहतो, ही तक्रार कित्येक वर्षे होत राहिली आणि ती रास्त होती. ८ सप्टेंबर २०२० रोजी तत्कालीन वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी विधिमंडळात ही पद्धत रद्द केल्याचे जाहीर केले. त्यानंतर एकच राज्यव्यापी गुणवत्ता यादी आली. मराठवाड्याच्या मुलांना पुण्याचे बी. जे. आणि मुंबईचे ग्रँट, केईएम यांचे दार पूर्ण उघडले, आणि अंबाजोगाई-नांदेडच्या जागांवर इतर विभागांतली मुलेही येऊ लागली. जुने जाणते पालक अजूनही ‘आपल्या विभागाची सीट’ असे बोलतात. तसे आता काही उरलेले नाही.

महाविद्यालये : विभागातले सर्वांत जुने शासकीय वैद्यकीय महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरचे, १९५६ चे. त्याचे रुग्णालय ‘घाटी’ याच नावाने सगळा मराठवाडा ओळखतो. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ चे, नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण यांच्या नावाचे १९८८ चे, आणि लातूरची विलासराव देशमुख यांच्या नावाची संस्था २००२ ची. मग वीस वर्षे नवे काही आले नाही. धाराशिव २०२२ मध्ये, परभणी २०२३ मध्ये आणि जालना व हिंगोली २०२४ मध्ये सुरू झाले. या नव्या ठिकाणी दरवर्षी प्रत्येकी १०० जागा आहेत. राज्य कोट्यातल्या खासगी महाविद्यालयांत लातूरचे एमआयएमएसआर आणि बदनापूरजवळच्या वरुडीचे महाविद्यालय येते. दंतशास्त्राचे शासकीय महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. शासकीय आयुर्वेद महाविद्यालये नांदेड आणि धाराशिवला आहेत.

नव्या महाविद्यालयाला नाव ठेवून ते यादीतून वगळण्याची घाई करू नये. इमारत अपुरी असेल, वसतिगृहाची अडचण असेल, पण पदवी त्याच महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची आणि शुल्क शासकीय. जिल्हा रुग्णालयात रुग्णांची वानवा नसते, आणि शिकणाऱ्याला शेवटी रुग्णच लागतो.

कागदपत्रे : मराठवाड्यापुरते बोलायचे तर खरी लढाई इथे असते. अधिवास, जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, शारीरिक पात्रतेचे वैद्यकीय प्रमाणपत्र, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला असा हा गठ्ठा असतो. यांतली काही तहसील किंवा उपविभागीय कार्यालयातून सेतूमार्फत आठवडा-पंधरवड्यात हातात पडतात. जात वैधतेचे तसे नाही. त्यासाठी जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीपुढे पूर्वजांचे पुरावे द्यावे लागतात, तेही ठरावीक तारखांपूर्वीचे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७.

मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. महसुली नोंदी उर्दूत, काही मोडी लिपीत. आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा मागायला गेले तर गावची शाळाच मुळात १९५० नंतरची निघते. मग खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची जुनी नोंद, शोधा, ते वाचणारा जाणकार शोधा, भाषांतर करून घ्या. चुलत भावाची किंवा आत्याची वैधता आधी झालेली असेल तर काम पुष्कळ सोपे होते, म्हणून भावकीत पहिली वैधता काढणाऱ्याचे उपकार सगळे घर मानते. अनुसूचित जमातीच्या दाव्यांसाठी वेगळी समिती आहे, आणि नांदेड भागातली कित्येक प्रकरणे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत जातात. २०२३ पासून निजामकालीन कुणबी नोंदींच्या आधारे प्रमाणपत्रे देण्याचे काम सुरू झाल्यावर वैधतेसाठी रांगा आणखी वाढल्या. अकरावीला प्रवेश घेतला की लगेच वैधतेचा प्रस्ताव दाखल करावा. काही वर्षी शासनाने वैधतेसाठी मुदतवाढ दिली आहे, पण ती मिळेलच असे धरून चालू नये. मुदतीत वैधता आली नाही तर राखीव जागेवरचा दावा जातो.

राज्याचा आणि केंद्राचा प्रवर्ग एकच असतो असे नाही. बीडचा वंजारी विद्यार्थी राज्यात भटक्या जमाती ‘ड’ प्रवर्गात, म्हणजे २ टक्क्यांत, मोडतो. अखिल भारतीय कोट्यात तोच इतर मागासवर्गाच्या २७ टक्क्यांत येतो. धनगर आणि बंजारा विद्यार्थ्यांचेही असेच आहे. पण त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातले प्रमाणपत्र लागते, राज्याचे दाखवून भागत नाही. मराठा विद्यार्थ्यांना राज्यात २०२४ च्या कायद्याने सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गाचे १० टक्के आरक्षण आहे. केंद्राच्या यादीत हा प्रवर्ग नाही. केंद्राच्या आर्थिक दुर्बल घटकाच्या निकषात ८ लाखांच्या उत्पन्न मर्यादेबरोबर जमिनीचीही अट आहे. कुटुंबाकडे ५ एकर किंवा अधिक शेतजमीन असेल तर ते अपात्र. सात एकर कोरडवाहूवर सोयाबीन आणि तूर काढणारे, पाऊस हुकला की कर्जात जाणारे पाटोद्याचे किंवा मंठ्याचे घर या मोजमापात दुर्बल ठरत नाही. बागायत आणि कोरडवाहू एकाच फुटपट्टीने मोजणारा हा निकष मराठवाड्यावर अन्याय करतो.

पसंतीक्रम : जागावाटप फेरीफेरीने होते. ते संगणक करतो आणि त्याची रीत साधी आहे. गुणवत्ता यादीतल्या पहिल्या विद्यार्थ्यापासून तो सुरुवात करतो. प्रत्येकाची पहिली पसंती पाहतो. तिथे त्याच्या क्रमांकाला जागा शिल्लक असेल तर देतो, नसेल तर दुसरी पाहतो, मग तिसरी. राखीव प्रवर्गातल्या विद्यार्थ्याची गुणवत्ता खुल्या जागेपर्यंत पोहोचत असेल तर त्याला खुली जागा मिळते.

यावरून एक गोष्ट निघते, आणि ती कितीदा सांगितली तरी थोडीच. पसंतीक्रम मनातल्या आवडीच्या क्रमाने भरावा, शक्यतेच्या क्रमाने नाही. अहमदपूरची एक मुलगी समजा. तिला मनापासून पुणे हवे आहे, पण क्रमांक पाहता लातूर मिळेल असे वाटते. ‘मिळेल ते आधी लिही, नाहीतर तेही जाईल’ असे कोणीतरी सांगते आणि ती लातूर पहिले, पुणे दुसरे भरते. यादीत तिला लातूर मिळते. त्या दिवशी पुण्याची शेवटची जागा तिच्या मागच्या क्रमांकाला गेलेली असते. पुणे आधी लिहिले असते तर तेच मिळाले असते, आणि नसते मिळाले तर लातूर कुठेच जात नव्हते. वरची पसंती हुकल्याने खालची पसंती कमजोर होत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. जिथे जायचेच नाही ते महाविद्यालय यादीत लिहू नये. पहिल्या फेरीनंतरच्या फेऱ्यांत मिळालेली जागा नाकारली तर अनामत जप्त होऊ शकते आणि पुढच्या फेऱ्यांचे दारही बंद होऊ शकते. खासगी महाविद्यालय लिहिण्याआधी शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेले शुल्क पाहावे आणि साडेचार वर्षांचा हिशेब घरात बसून मांडावा.

जागा मिळाल्यावर मूळ कागदपत्रे आणि शुल्क घेऊन दिलेल्या मुदतीत महाविद्यालयात हजर व्हावे लागते. मुदत थोड्याच दिवसांची असते. किनवटहून नंदीग्राम किंवा नांदेडहून देवगिरी एक्सप्रेसने मुंबई गाठायची तर एक रात्र प्रवासात जाते, आणि मध्ये बँकेची सुट्टी आली तर डिमांड ड्राफ्ट अडतो. म्हणून यादी लागण्याआधीच पैशांची सोय आणि मूळ कागदांचा संच तयार असावा, शिवाय झेरॉक्सचे चार-पाच संच. मूळ कागद एकदा जमा झाले की लवकर परत हाती येत नाहीत, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाला ते पुन्हा लागतात.

मिळालेली जागा पसंत असेल तर ‘स्टेटस रिटेन्शन’ अर्ज भरून तीच कायम करता येते. मग विद्यार्थी पुढच्या फेरीतून बाहेर पडतो. अर्ज न भरल्यास पुढच्या फेरीत वरची जागा मिळण्याची संधी राहते. परंतु ती मिळताच आधीची जागा आपोआप रद्द होते. ‘दोन्ही पाहून ठरवू’ अशी सोय नसते. म्हणून दुसऱ्या फेरीचा पसंतीक्रम भरताना हातातल्या जागेपेक्षा जी खरोखर सरस वाटतात तेवढीच महाविद्यालये लिहावीत. रिटेन्शनचा अर्ज कोणाच्या तरी सांगण्यावरून सहज भरला जातो आणि मग पुढच्या फेरीत घाटीची जागा रिकामी निघाली तरी पाहत बसावे लागते.

मध्यस्थ : निकालाच्या हंगामात लातूरच्या ट्यूशन एरियापासून तालुक्याच्या नेट कॅफेपर्यंत मार्गदर्शनाची दुकाने उघडतात. नेमकी माहिती देणारे शिक्षक आणि कार्यकर्ते आहेत, अनेक जण एक पैसा घेत नाहीत. परंतु लॉगिन, पासवर्ड आणि ओटीपी मागणाऱ्याला तो कधीही देऊ नये. पसंतीक्रम आपल्या हाताने भरावा, कायम करण्याआधी छापून घरात मोठ्याने वाचावा. ‘मॅनेजमेंटमधून करून देतो’ म्हणणाऱ्याला आगाऊ रक्कम देऊ नये. खासगी महाविद्यालयांचा १५ टक्के संस्था स्तरावरील कोटाही नीटच्या गुणवत्तेनेच भरायचा असतो. दरवर्षी निघणारी सीईटी सेलची माहितीपुस्तिका हाच एकमेव भरवशाचा आधार. ती लांबलचक असते, पण घरातल्या एकाने तरी ती पूर्ण वाचावी.

सवलती व बंधपत्र : कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने शिक्षण व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत मिळाली आहे. प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा, व्यवस्थापन कोट्याला ती लागू नाही. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करावा लागतो. मुलीच्या शिक्षणावर घर अडखळत असेल तर ही तरतूद त्यांच्यापर्यंत पोहोचवणे गावातल्या प्रत्येक शिक्षकाचे काम आहे. शासकीय महाविद्यालयात एमबीबीएसला प्रवेश घेताना एक वर्षाच्या शासकीय सेवेचे बंधपत्र लिहून द्यावे लागते. इंटर्नशिपनंतर ती सेवा केली नाही तर १० लाख रुपये भरावे लागतात.