रँकचा आकडा आणि गोव्यातले मराठी ब्लॉग

2008 ते 2012 च्या सुमारास ब्लॉगच्या उजव्या पट्टीत अलेक्सा रँकचं, म्हणजे वावरावरून जगातल्या साइटींना क्रमांक देणाऱ्या सेवेचं, बटण दिसलं की लिहिणारा गंभीरपणे लिहितोय, असं समजलं जायचं. जाहिरातीची बोलणी व्हायची तेव्हाही हाच आकडा पुढे केला जाई. गोव्यातले मराठी ब्लॉग या मापाने मोजणं मुळातच चुकीचं होतं, पण त्याची कारणं अजूनही नीट सांगितली जात नाहीत.

आधीचा इतिहास थोडक्यात. नव्वदच्या दशकात सर्व्हरवरच्या 'हिट्स', म्हणजे पान किंवा चित्र अशा प्रत्येक फाइलची मागणी, मिरवल्या जात. पानावर दहा चित्रं असली तर एका वाचकाच्या अकरा हिट्स व्हायच्या, म्हणून तो आकडा फुगलेलाच असतो हे जाणकार धरून चालत. अलेक्सा 1996 मध्ये निघालं, 1999 मध्ये एका बड्या अमेरिकी ऑनलाइन विक्रेत्याने ते घेतलं आणि जगातल्या साइट एकाच रांगेत लावायची सवय रुजली. हा क्रमांक यायचा तो ब्राउझरवर त्यांचा टूलबार (ब्राउझरला जोडायची जादा पट्टी) बसवणाऱ्यांच्या वावरावरून: तीन महिन्यांत किती जण आले, किती पानं उघडली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली गर्दी फक्त छत्री घेऊन आलेल्यांवरून ठरवावी, तसंच हे. टूलबार बसवणारे बरेचसे स्वतःच साइटवाले असत, त्यामुळे साइट चालवायच्या युक्त्या सांगणाऱ्या साइट वर चढायच्या. 2008 मध्ये इतर स्रोतांची माहितीही जोडली गेली. तरी एक लाखाच्या पुढचे क्रमांक भरवशाचे नाहीत, हे खुद्द अलेक्साच सांगत असे. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या 14.58 लाख आणि मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे 11 टक्के. कोकणी घरांतून मराठी वाचणारे त्यात धरले, तरी दशावतारावर किंवा फोंड्याच्या देवळांवर लिहिणारा ब्लॉग जगाच्या पहिल्या लाखात येणार कुठून?

खरा घोळ मात्र पत्त्याचा. बहुतेक मराठी ब्लॉग फुकटच्या ब्लॉगस्पॉटवर होते, म्हणजे पत्त्यात आधी ब्लॉगचं नाव आणि मागे ब्लॉगस्पॉट डॉट कॉम. अलेक्सा क्रमांक देई तो मुख्य डोमेनला, म्हणजे मागच्या पत्त्याला. सबडोमेन (पुढे ब्लॉगचं नाव जोडलेला पत्ता) हा कुणाचा तरी वैयक्तिक ब्लॉग आहे असं त्यांच्या यंत्रणेने ओळखलं तरच त्याला वेगळा क्रमांक मिळे, आणि ओळखलं की नाही हे लिहिणाऱ्याच्या हातात नसे. म्हणून एखाद्याला अचानक जगातल्या आघाडीच्या साइटींमधला क्रमांक दिसायचा (तो अर्थातच सगळ्या ब्लॉगस्पॉटचा), तर शेजाऱ्याला काहीच नाही. स्वतःचं डोमेन घेणाऱ्याची गंमत उलटी: पैसे मोजून आकडा खरा व्हायचा आणि लगेच कोटीच्या घरात, म्हणजे रांगेत पार मागे, जायचा. 'डोमेन घ्या, रँक सुधारेल' या सल्ल्यात ही बाजू कधीच नसायची.

2012 च्या सुरुवातीला त्यात भर पडली. भारतातल्या वाचकाला ब्लॉगस्पॉट आपोआप डॉट इन पत्त्यावर नेऊ लागलं. कारण दिलं गेलं ते स्थानिक कायद्यांनुसार मजकूर काढता यावा हे. पुढे इतर देशही त्यात आले. गोव्याला याची झळ अधिक बसली असणार, कारण इथला वाचक पसरलेला आहे. तोच लेख डिचोलीत डॉट इनवर उघडायचा, दुबईत डॉट एईवर, लिस्बनमध्ये डॉट पीटीवर. लेख एक, वाचक तेच, मोजणी मात्र तीन डोमेनांत वाटलेली. हे पत्ते पुन्हा डॉट कॉमकडे वळवले गेले ते 2018 मध्ये.

तोवर रँक बघणारेच कमी झाले होते. शोधयंत्राच्या टूलबारवरचा पेजरँकचा (पानाला मिळणाऱ्या दुव्यांवरून ठरणाऱ्या वजनाचा) आकडा 2016 मध्ये दिसेनासा झाला, चर्चा फेसबुककडे सरकली, नि 1 मे 2022 ला अलेक्साची सेवाही बंद झाली.

ब्लॉगाची स्वतःची आकडेवारी फुकट देणारं साधन 2005 पासूनच हाताशी होतं. कोणत्या गावातून लोक येतात, किती वेळ थांबतात, परत येतात का, हे त्यात दिसे. पण ते फक्त मालकाला दिसे, आणि जाहिरात देणाऱ्याला दोन ब्लॉग शेजारी ठेवून बघायचे असत. मोजमाप म्हणून रँक टिकली ती एवढ्याचसाठी.