मेंदूची सूज आणि पाठीतलं पाणी: एका तपासणीची पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलच्या वॉर्डाबाहेर मेंदूज्वराच्या पेशंटचे नातेवाईक जमले की एका गोष्टीवरून हमखास खल होतो: पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव, काढू द्यायचं की नाही. ‘पाणी काढलं की माणूस कमरेखाली लुळा पडतो’ हे गडहिंग्लजपासून शिरोळपर्यंत कुठंही ऐकायला मिळतं. खरं तर मज्जारज्जू जिथं संपतो त्याच्या खाली सुई टोचतात. काही दिवस डोकं ठणकू शकतं, पण त्यापायी माणूस लुळा पडणं ही फार विरळा गोष्ट. भीतीपेक्षा मोठा प्रश्न वेगळाच आहे. एवढं करून काढलेल्या त्या चमचाभर पाण्यातून डॉक्टरला कळतं तरी किती?

ताप, बडबड, झटके घेऊन आलेल्या माणसाच्या मेंदूला सूज आहे, एवढं बहुतेक वेळा लवकर कळतं. ती टीबीची, विषाणूची, की शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीनं मेंदूवर केलेल्या हल्ल्याची, इथं गाडी अडते. उपचार वेगळे आहेत. स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचा उपद्रव असेल तर स्टिरॉइडचा जोरदार डोस लागतो. टीबीच्या मेंदूज्वरातही स्टिरॉइड देतात, पण टीबीच्या गोळ्यांच्या जोडीनं. नुसतं दिलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून गेली काही वर्षं संशोधक एकेक पदार्थ मोजण्याऐवजी शेकडो बारीक रेणूंचा एकत्र नकाशा काढू बघताहेत. चयापचयात तयार होणारे हे रेणू म्हणजे मेटाबोलाइट. तंत्र नवं आहे, पण अंगातल्या पाण्याचा रागरंग बघून रोग ओळखायचा हा विचार फार जुना.

मधुमेह्याच्या लघवीला मुंग्या लागतात, हे आपल्या वैद्यांनी फार पूर्वी लिहून ठेवलं. मध्ययुगात लघवीवर तेलाचा थेंब सोडून तो कसा पसरतो ते बघायची तैलबिंदू परीक्षा आली. करवीर-पन्हाळ्याकडच्या गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीतल्या पाकाचा रंग, फेस आणि वास बघून ‘उतरवा’ म्हणतो, त्याच जातीचं हे ज्ञान. त्यातलं मुंग्यांचं निरीक्षण पुढं रसायनशास्त्राच्या कसोटीला उतरलं. तेलाच्या थेंबाबद्दल तसं म्हणता येत नाही.

मेंदूभोवतीचं पाणी मात्र शतकानुशतकं हाताबाहेर राहिलं. १८९१ मध्ये जर्मनीतल्या कील शहरात हाइनरिख क्विंके यांनी पाठीतून सुई घालून ते सुरक्षितपणे काढून दाखवलं. त्याच सुमारास लंडनमध्ये वॉल्टर एसेक्स विंटर टीबीच्या मेंदूज्वराच्या पेशंटचं पाणी काढून दाब कमी करू बघत होते. (आपल्याकडं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, म्हणजे आजचं सीपीआर, तेव्हा उभं राहिलेलं होतं.) क्विंके नुसतं पाणी काढून थांबले नाहीत. त्यांनी दाब मोजला, प्रथिनं आणि साखर बघितली. दोनच वर्षांत लिख्टहाइम या डॉक्टरांच्या लक्षात आलं की जंतूंच्या मेंदूज्वरात या पाण्यातली साखर घटते. आज राजारामपुरीतल्या कुठल्याही लॅबचा सीएसएफचा, म्हणजे याच पाण्याचा, रिपोर्ट उघडा, त्यातल्या वरच्या दोन-तीन ओळी त्या काळातल्याच आहेत: साखर, प्रथिनं, पेशी. निरोगी माणसाच्या पाण्यातली साखर रक्तातल्या साखरेच्या साधारण दोन तृतीयांश असते, म्हणून रक्ताची साखरही त्याच वेळी तपासायची. गडबडीत ती राहून जाते आणि मग आकडा एकटाच पडतो.

टीबीच्या पाण्याची एक जुनी खूण जुन्या डॉक्टरांच्या बोलण्यात अजून येते. नळी न हलवता रात्रभर ठेवली तर सकाळी त्यात कोळिष्टकासारखं जाळं लोंबताना दिसतं. प्रथिनं वाढल्यामुळं धागे धरतात आणि जंतू त्या धाग्यांत अडकतात, म्हणून काचपट्टीवर घ्यायचं ते हे जाळंच.

नकाशाच्या कल्पनेचा खरा पूर्वज मला दिसतो तो १९१२ साली, कार्ल लांगे यांच्या सोन्याच्या चाचणीत. सोन्याचे अतिसूक्ष्म कण तरंगत असलेलं लालभडक द्रावण दहा नळ्यांत घ्यायचं आणि प्रत्येक नळीत पाठीतलं पाणी आधीच्या नळीच्या निम्म्या प्रमाणात घालायचं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक नळीचा रंग बघायचा. लालच राहिला तर शून्य, जांभळा-निळा होत होत रंग पार उडाला तर पाच. पहिल्या चार-पाच नळ्यांत पाचा आणि पुढं उतरता आकडा आला तर सिफिलिस मेंदूत शिरला असं धरत. असं का होतं हे त्या वेळी कुणालाच धड सांगता येत नव्हतं, पण दहा आकड्यांची ओळ वाचून निदान व्हायचं. पुढं घोटाळा असा झाला की मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस), म्हणजे प्रतिकारशक्तीच मेंदू-मज्जारज्जूवर उलटते त्या आजाराच्या, कित्येक पेशंटांत सिफिलिस नसतानाही तीच ओळ येऊ लागली. दोन रोगांची एकच ओळ! आजच्या यंत्रांनाही नेमकी हीच खोड आहे, फक्त दहाच्या जागी शेकडो आकडे आलेत.

त्या घोटाळ्याचा उलगडा एल्विन कॅबट यांच्या कामातून झाला. १९४२ मध्ये त्यांनी विजेच्या प्रवाहानं प्रथिनं वेगळी केली आणि एमएसमध्ये पाठीतल्या पाण्यात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडं, वाढलेली असतात हे दाखवलं. सोन्याचा रंग फिरवत होती ती तीच. त्यातूनच १९६० च्या दशकात ‘ऑलिगोक्लोनल बँड’ची तपासणी घडली. रक्तात नसलेले पट्टे पाठीतल्या पाण्यात दिसले तर प्रतिपिंडं मेंदूच्या आवारातच तयार होताहेत. एमएससाठी आजही ही तपासणी करतात. पण गोवरानंतर काही वर्षांनी होणाऱ्या मेंदूच्या आजारातही हे पट्टे येतात. म्हणजे निदान पुन्हा अर्ध्यावर.

बारीक रेणूंचा धागा दुसरीकडून आला, लघवीतून. १९०२ मध्ये आर्चिबाल्ड गॅरड यांनी हवेत काळी पडणारी लघवी हा चयापचयाचा जन्मजात दोष असल्याचं मांडलं. १९३४ मध्ये नॉर्वेतल्या आस्बियोर्न फोलिंग यांच्याकडं एक आई आपल्या दोन मतिमंद मुलांना घेऊन आली. मुलांच्या अंगाला विचित्र वास येतो, हे तिनं डॉक्टरांच्या मागं लागून लागून सांगितलं होतं. फोलिंग यांनी लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं तर रंग हिरवा झाला, आणि पीकेयू हा चयापचयाचा जन्मजात आजार उजेडात आला. मेंदूच्या आजाराचा पुरावा लघवीत मिळू शकतो, हे त्या हिरव्या रंगानं सिद्ध केलं. श्रेय मला त्या आईला जास्त द्यावंसं वाटतं.

मग यंत्रं आली. टेक्सासच्या रॉजर विल्यम्स यांनी १९५० च्या सुमारास कागदी क्रोमॅटोग्राफीवर, म्हणजे कागदावर पदार्थ वेगळे करायच्या पद्धतीनं, लाळ आणि लघवी पसरून माणसागणिक वेगळा ठसा असतो असं मांडलं. १९७१ मध्ये लायनस पॉलिंग यांच्या गटानं लघवीच्या वाफेत सुमारे २८० आणि श्वासात सुमारे २५० पदार्थ मोजले. एनएमआर आणि मास स्पेक्ट्रोमीटर ही रेणू ओळखणारी यंत्रं सुधारत गेली, आणि २००८ मध्ये कॅनडातल्या डेव्हिड विशार्ट यांच्या गटानं पाठीतल्या पाण्यातल्या सुमारे ३०० मेटाबोलाइटची यादीच छापली.

सुजेच्या बाबतीत या यादीतलं एक घराणं फार बोलकं निघालं. त्याचा माग १८५३ पर्यंत जातो, जेव्हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांना कुत्र्याच्या लघवीत कायन्युरेनिक आम्ल सापडलं. ते ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून तयार होतं, हे नंतर कळलं. १९८४ मध्ये एल्मर फेफरकॉर्न यांनी दाखवलं की प्रतिकारशक्तीचा संदेशवाहक इंटरफेरॉन गॅमा पेशींना ट्रिप्टोफॅन तोडायला लावतो, आणि त्यावर जगणारा परजीवी उपाशी मरतो. तोडमोडीतून कायन्युरेनिन निघतं, त्याच्या पुढं क्विनोलिनिक आम्ल, जे मेंदूच्या चेतापेशींना विषारी. म्हणजे ट्रिप्टोफॅन कमी आणि कायन्युरेनिन, क्विनोलिनिक आम्ल जास्त असा मेळ दिसला की तिथं प्रतिकारशक्ती पेटलेली आहे. १९९२ मध्ये मेल्विन हेज आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या दाहक आजारांत हे पाठीतल्या पाण्यात मोजून दाखवलं. जोडीला आलं निओप्टेरिन. तेही इंटरफेरॉनच्याच इशाऱ्यावर तयार होतं. १९७९ मध्ये ऑस्ट्रियातल्या हेल्मुट वाख्टर यांनी ते पेशंटांच्या लघवीत वाढलेलं पाहिलं होतं.

आपल्या दृष्टीनं सगळ्यात लक्षवेधी काम इंडोनेशियातलं, कारण टीबी तिकडंही घरोघरचा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात टीबीच्या मेंदूज्वरातून जे वाचले त्यांच्या पाठीतल्या पाण्यात ट्रिप्टोफॅन दगावलेल्यांपेक्षा कमी आढळलं. एरवी कमी म्हणजे वाईट असं आपण धरून चालतो. इथं उलटं निघालं.

अडचणी आहेत, आणि त्या बारीकसारीक नाहीत. पेटलेली प्रतिकारशक्ती कळणं एक, ती कुणामुळं पेटली हे कळणं दुसरं. कायन्युरेनिन टीबीतही वाढतं आणि विषाणूंच्या सुजेतही. तुलनेसाठी निरोगी माणसाचं पाठीतलं पाणी आणायचं कुठून? कमरेतून भूल देताना थोडं घेता येतं, पण ती माणसंही कशाच्या तरी ऑपरेशनला आलेलीच असतात. लघवीचं तर विचारूच नका. रविवारच्या मटणानंतर सोमवारी सकाळी कोल्हापूरकराच्या लघवीत मांसातून येणारं मिथाइलहिस्टिडीन वाढलेलं असणार, आणि त्याचा मेंदूशी काडीचा संबंध नसणार. युरोपात ठरवलेली पातळी इथं जशीच्या तशी लावून चालणार नाही.

शिवाय वेळ. नळीत उतरल्यावरही पांढऱ्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. चंदगडहून पाण्याची नळी एसटीनं किंवा गाडीनं कोल्हापूरला पोचेपर्यंत साखर उतरते, आणि साखरेपासून बनणारं लॅक्टेट चढतं. संशोधनासाठी नमुना लगेच फिरवून पेशी काढून टाकतात आणि उणे ८० अंशांवर गोठवतात. सध्या इथल्या पेशंटच्या हातात पडणाऱ्या कागदावर साखर, प्रथिनं, पेशी, एडीए (टीबीत वाढणारं एक एन्झाइम) आणि टीबीच्या जंतूचा जनुकीय माग काढणारी सीबीनॅट चाचणी एवढंच असतं. शेकडो रेणूंचा नकाशा एकदम येण्याऐवजी निओप्टेरिन आणि कायन्युरेनिन-ट्रिप्टोफॅनचं गुणोत्तर अशा दोन-तीन ओळी त्या कागदात आधी वाढतील, असं मला वाटतं.