‘स्किन’ कुठे आणि ‘पील’ कुठे?

सफरचंद, संत्रं, बटाटा, काहीही असो, मराठीत एका ‘साली’वर भागतं. इंग्रजीत तिथे ‘स्किन’ आणि ‘पील’ अशी वाटणी आहे.

ढोबळ खूण अशी: पातळ, फळाला घट्ट चिकटलेली आणि बहुधा त्याच्यासकट खाल्ली जाणारी ती स्किन. द्राक्ष, टोमॅटो, पीच यांना हाच शब्द. रेड वाइनला रंग येतो तोही द्राक्षांच्या ‘स्किन्स’मधून. संत्र्या-लिंबाची जाड साल मात्र फळावर असतानाही पील. सफरचंदाला दोन्ही चालतात. न सोलता खायचं तर ‘विथ द स्किन ऑन’, आणि सुरीखालून पडलेली सालपटं म्हणजे ‘पीलिंग्ज’. केळ्याला अमेरिकेत पील म्हणतात, ब्रिटनमध्ये बऱ्याचदा स्किन. कलिंगडाला यातलं काहीच नाही, त्याची टणक साल ‘रिंड’.

खरी पंचाईत क्रियापदाची. आपण संत्रंही सोलतो आणि बकराही. इंग्रजीत प्राणी, मासा, कोंबडी ‘स्किन’ करतात, फळं-भाज्या ‘पील’. ‘आय स्किन्ड द ऑरेंज’ म्हणालात तर अर्थ कळेल, पण संत्र्याचं कातडं काढल्यासारखं वाटेल. टोमॅटोला तेवढी सूट आहे, ‘स्किन द टोमॅटोज’ हे पाककृतींत सर्रास दिसतं. तिथे सोलणी घेऊन बसू नका. टोमॅटोच्या बुडाशी फुलीसारखी उथळ चीर द्या, उकळत्या पाण्यात सुमारे ३० सेकंद ठेवा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. चिरेपाशी साल वळली की बोटांनी निघते. जास्त वेळ ठेवलात तर बाहेरचा गर शिजतो आणि सालीबरोबर सुटून येतो.

आपोआप निघणाऱ्या थराला पीलच. भिंतीच्या रंगाचे पोपडे ‘पील’ होतात, उन्हाने भाजलेली पाठसुद्धा: ‘माय स्किन इज पीलिंग’. पडून गुडघा सोलवटला तर मात्र ‘आय स्किन्ड माय नी’.

दुधावरची साय आणि उघड्या डब्यातल्या रंगावर धरलेला पापुद्रा, दोन्ही स्किन. पील कधीच नाही.

सगळ्यात फसवा शब्द ‘स्किन्ड’. ‘स्किन्ड चिकन’ वाचून कातडीसकट कोंबडी आणणारे कमी नाहीत. अर्थ नेमका उलटा, कातडी काढलेली. कातडीसकट हवी तर ‘स्किन-ऑन’.