लोकरीसाठी पाळलेला कुत्रा : सेलिश किनाऱ्यावरच्या एका हरवलेल्या जातीची पार्श्वभूमी

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात एका कुत्र्याचं कातडं जपून ठेवलेलं आहे. कुत्र्याचं नाव मटन. मेंढ्या दिसल्या की त्यांच्यामागे धावायची त्याला खोड होती, म्हणून मालकाने हे नाव ठेवलं. १८५९ साली तो मेला, कातडं संग्रहालयात पोचलं आणि पुढची जवळजवळ दीडशे वर्षं तिथल्या खणात पडून राहिलं. या शतकाच्या सुरुवातीला त्याच्याकडे पुन्हा लक्ष गेलं. सेलिश लोकरी कुत्रा या नावाने जी जात फक्त जुन्या नोंदींतून आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यातून माहीत होती, तिची लोकर अंगावर असलेलं ज्ञात असं हे एकच कातडं उरलं आहे.

ही जात उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची. कॅनडाचा ब्रिटिश कोलंबिया प्रांत आणि अमेरिकेचं वॉशिंग्टन राज्य जिथे एकमेकांना भिडतात, तिथे समुद्र खूप आतवर शिरलेला आहे. मध्ये लहानमोठी शेकडो बेटं आहेत. मस्क्वियम, स्क्वामिश, स्टोलो, सुक्वामिश अशा अनेक समाजांची ही भूमी. या सगळ्यांना मिळून कोस्ट सेलिश म्हणतात. सालमन मासा हा त्यांच्या जेवणाचा कणा, आणि घरापासून होडीपर्यंत सगळं सीडरच्या लाकडाचं. हवा ओली, हिवाळा बोचरा. उबेला लोकर हवी, पण पाळीव मेंढी या खंडावर आणली ती युरोपीय लोकांनी, फार नंतर. डोंगरावरच्या रानबकरीची लोकर उत्तम असते, मात्र ती मिळवायला शिकारीला उंच कड्यांवर जावं लागे, नाहीतर झुडपांना अडकून राहिलेले पुंजके वेचावे लागत. मग या लोकांनी कुत्र्याचीच लोकर वाढवली. पिढ्यानपिढ्या निवड करत त्यांनी अशी जात घडवली की तिच्या अंगावरचे केस मेंढीसारखे कातरून सूत काढता यावं.

कुत्रा अंगाने लहान. या भागातल्या उत्खननांत दोन प्रकारच्या कुत्र्यांची हाडं सापडतात. खांद्यापाशी सरासरी ५२ सेंटिमीटर उंचीचा, शिकारीला आणि राखणीला वापरला जाणारा गावकुत्रा, आणि त्याच्याहून बुटका, सरासरी ४४ सेंटिमीटरचा लोकरी कुत्रा. रंग बहुधा पांढरा, कान उभे, चेहरा कोल्ह्याच्या वळणाचा, शेपटी पाठीवर वळलेली. खरं वैभव अंगावरच्या लोकरीचं. लांब मऊ केस आणि त्यात गुंतलेली दाट लोकर असा तो थर होता.

ब्रिटिश नौदलाचा कप्तान जॉर्ज व्हँकुव्हर १७९२ मध्ये प्युजेट साउंडच्या खाडीत शिरला, तेव्हा त्याने ही कुत्री पाहिली आणि लिहून ठेवली. त्याला ती युरोपातल्या पोमेरेनियनसारखी वाटली, फक्त थोडी मोठी. (तेव्हाचा पोमेरेनियन आजच्या मांडीवरच्या कुत्र्याहून बराच थोराड असे.) इंग्लंडात मेंढ्या कातरतात तशी ही कुत्री कातडीलगत कातरलेली होती. उतरवलेली लोकर इतकी घट्ट गुंतलेली, की एका कोपऱ्याला धरून उचलली तरी मोठा तुकडा न सुटता अखंड वर येई. सोळा वर्षांनी, १८०८ मध्ये, सायमन फ्रेझर हा व्यापारी-प्रवासी आज त्याच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या नदीतून समुद्राकडे उतरला. त्यालाही नुकती कातरलेली कुत्री दिसली. कुत्र्याच्या केसांची पांघरुणं दिसली. त्यांवरचे आडवे-उभे रंगीत पट्टे त्याला लांबून स्कॉटिश डोंगराळ भागातल्या चौकटीच्या कापडासारखे वाटले.

ही जात टिकवणं सोपं नव्हतं, आणि मला या इतिहासातला सगळ्यात मोलाचा भाग हाच वाटतो. लोकरी कुत्रीचा गावकुत्र्याशी संकर झाला की पुढच्या पिल्लांची लोकर बिघडणार. म्हणून ही कुत्री वेगळी ठेवत. कुठे कुंपणात, कुठे किनाऱ्याजवळच्या छोट्या बेटांवर, जिथे दुसरं कुत्रं पोचणार नाही. मालकिणी होडीतून जाऊन त्यांना खाऊ घालत, मुख्यतः मासे. मालकिणी असं म्हणायचं कारण, कुत्री बायकांची असत. त्यांची निगा, कातरणी, सूत, विणकाम हे सगळं बायकांच्या हातात होतं, आणि बाईची प्रतिष्ठा तिच्या कुत्र्यांच्या कळपावर आणि तिच्या हातच्या पांघरुणांवर ठरे.

कातरलेल्या लोकरीला तेलकटपणा असतो. तो काढायला तिच्यावर एक पांढरी, भुसभुशीत माती टाकून ती झोडपत. सूक्ष्म जलवनस्पतींच्या कवचांची ही माती तेल शोषून घेते. आपल्याकडे घोंगडीला चिंचोक्याची खळ देणाऱ्या सनगरांना हे काम लगेच कळेल. लोकरीला नुसतं सूत होऊन चालत नाही, तिच्यावर मेहनत करावी लागते. मग कुत्र्याच्या केसांत रानबकरीची लोकर आणि कधी वनस्पतींचा कापूस मिसळत. मांडीवर वळून पेळू करत आणि मोठ्या चातीवर सूत पिळत. चातीची लाकडी चकती थाळीएवढी असे आणि तिच्यावर माणसं, प्राणी, पक्षी कोरलेले असत. माग साधा, दोन आडव्या दांड्यांचा.

या पांघरुणांचं मोल उबेपुरतं नव्हतं. लग्नात ती देत, मृताला त्यांत गुंडाळत, नामकरणाला अंगावर घालत. पॉटलॅच नावाचा मोठा समारंभ होई, त्यात यजमान आपली संपत्ती पाहुण्यांना वाटून टाकी. जो जास्त देईल त्याचा मान मोठा. पांघरुणं ही त्या वाटपातली मानाची वस्तू होती.

पॉल केन हा चित्रकार १८४७ मध्ये व्हिक्टोरिया किल्ल्याच्या परिसरात होता. तिथे केलेल्या रेखाटनांवरून त्याने पुढे एक तैलचित्र रंगवलं, ते आज टोरांटोच्या रॉयल ओंटारिओ संग्रहालयात आहे. घराच्या आत एक बाई मागावर पांघरूण विणते आहे, दुसरी सूत काढते आहे आणि पुढ्यात एक छोटा पांढरा कुत्रा आहे. या जातीचं जिवंतपणीचं दर्शन घडवणारी चित्रं फार थोडी आहेत, त्यांतलं हे सर्वांत प्रसिद्ध.

केन तिथे होता तेव्हाच उतार लागलेला होता. हडसन्स बे या ब्रिटिश व्यापारी कंपनीने १८२७ मध्ये फ्रेझर नदीकाठी लँगली किल्ला उभारला, १८४३ मध्ये व्हिक्टोरिया. तिथे इंग्लंडच्या गिरण्यांतली ब्लँकेटं मिळू लागली. बहुतेक जुन्या लिखाणात गोष्ट इथेच संपवलेली आढळते: गिरणीचं ब्लँकेट स्वस्त पडलं, कुत्र्याची गरज उरली नाही, जात संपली. मला हे स्पष्टीकरण फार तोकडं वाटतं. गिरणीची ब्लँकेटं लोकांनी घेतली हे खरं, ती पॉटलॅचमध्ये वाटलीही जात. पण ज्या वस्तूत एखाद्या समाजाचं नातं, मान आणि स्मरण विणलेलं आहे, ती कुणी केवळ दुकानात स्वस्त पर्याय मिळाला म्हणून सोडून देत नाही.

त्या काळात त्या घरांत काय चाललं होतं ते पाहिलं पाहिजे. देवीची साथ अठराव्या शतकाच्या अखेरीपासून या किनाऱ्यावर पुन्हा पुन्हा येत होती; १८६२ ची साथ अतिशय भयंकर ठरली, गावंच्या गावं ओस पडली. १८५८ मध्ये फ्रेझरच्या खोऱ्यात सोनं सापडलं आणि हजारो परके लोक लोटले. पुढे कॅनडा सरकारने पॉटलॅचवर कायद्याने बंदी घातली. ती १८८५ पासून १९५१ पर्यंत टिकली. मुलांना घरातून उचलून निवासी शाळांत डांबलं, तिथे मातृभाषा बोलण्यावर शिक्षा होती. आजीकडून नातीकडे जाणारी विद्या मधेच तोडली गेली. अलीकडे सेलिश समाजातल्या जाणत्या स्त्री-पुरुषांनी संशोधकांना सांगितलेल्या आठवणींत आणखी एक गोष्ट येते: पाद्री, पोलीस आणि सरकारी अधिकारी यांनी ही कुत्री ठेवू नका असा दबाव आणला, आणि बायकांना आपली कुत्री सोडावी लागली.

अशा जातीला संपायला कत्तल व्हावी लागत नाही. बेटावर होडी घेऊन जाणारी बाई साथीत गेली, कुंपण दुरुस्त करणारं कुणी राहिलं नाही, की दोन-चार पिढ्यांत लोकरी कुत्रा गावकुत्र्यांत आणि बाहेरून आलेल्या कुत्र्यांत मिसळून जातो. विसाव्या शतकाच्या तोंडाशी शुद्ध लोकरी कुत्रा दिसेनासा झाला होता.

नंतर असाही काळ आला की कुत्र्याच्या केसांची पांघरुणं ही दंतकथा असावी, असं काही अभ्यासक म्हणू लागले. सेलिश लोक मात्र सांगत होतेच. २०११ मध्ये संग्रहालयांतल्या जुन्या कापडांच्या धाग्यांतली प्रथिनं तपासली गेली आणि अनेक कापडांत कुत्र्याचे केस निघाले, बकरीच्या लोकरीत मिसळलेले.

मटनचा मालक होता जॉर्ज गिब्ज. अमेरिका आणि ब्रिटिश मुलूख यांच्यातली सीमा आखणाऱ्या तुकडीबरोबर तो काम करत होता आणि स्थानिक भाषांचा, चालीरीतींचा अभ्यास करत होता. संशोधक ऑड्री लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मटनच्या कातड्यातून जनुकसंच मिळवला. त्यावरचा शोधनिबंध डिसेंबर २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यात सेलिश समाजाचे जाणकारही सहलेखक आहेत, हे मुद्दाम नोंदवावंसं वाटतं. हा वंश इतर कुत्र्यांपासून वेगळा झाला तो काळ पार ५,००० वर्षांपर्यंत मागे जाऊ शकतो. केसांची वाढ आणि त्यांची मुळं यांच्याशी संबंधित २८ जनुकांत निवडीच्या खुणा सापडल्या. त्यांतल्या एका जनुकातल्या बदलामुळे माणसातही क्वचित लोकरीसारखे केस येतात.

माझ्या मते सगळ्यात बोलकं आहे ते दुसरंच. मटनच्या रक्तात सुमारे ८५ टक्के वंश युरोपीय लोक येण्याआधीच्या स्थानिक कुत्र्यांचा निघाला. म्हणजे हिशेब केला तर आठ पणजोबा-पणज्यांपैकी साधारण एखादाच बाहेरचा. व्हँकुव्हरचं गलबत येऊन गेल्याला तेव्हा साठ-सत्तर वर्षं झाली होती, किल्ल्यांवर परकी कुत्री मोकाट होती, साथींनी वस्त्या पोखरल्या होत्या. एवढ्या पडझडीतही कुणीतरी ही कुत्री वेगळी राखत होतं, होडीतून खाणं पोचवत होतं.

मस्क्वियम समाजातल्या बायकांनी १९८० च्या दशकात विणकाम पुन्हा हाती घेतलं. डेब्रा स्पॅरो या त्यांतल्या एक नामवंत विणकर. २०२३ च्या अभ्यासातही त्यांचा सहभाग होता. शिकवायला घरातली आजी उरली नव्हती, म्हणून संग्रहालयांतली जुनी पांघरुणं न्याहाळून त्यांनी वीण उलगडली. व्हँकुव्हरच्या विमानतळावर परदेशातून येणारे प्रवासी, त्यांत नोकरी-शिक्षणासाठी जाणारी आपली मराठी मुलंही आली, सीडरच्या लाकडात कोरलेल्या एका प्रचंड चकतीसमोरून बाहेर पडतात. ती सुझन पॉइंट या मस्क्वियम कलावतीने घडवलेली चातीचीच चकती आहे, सुमारे पाच मीटर व्यासाची. तिच्याजवळ मस्क्वियम विणकरांनी विणलेली मोठी कापडं टांगलेली आहेत. आजच्या मागांवर चढणारं सूत मेंढीच्या लोकरीचं असतं.