खाण बंद करताना डंपच्या उताराचे काय? अंतिम खाणबंदी आराखड्याची अर्ज प्रक्रिया

गोव्यात एक टन लोहखनिज काढायला साधारण अडीच ते तीन टन टाकाऊ दगडमाती उपसावी लागते. खनिज जहाजात चढून निघून जाते, दगडमातीचा डंप मात्र गावाच्या डोक्यावर उभा राहतो. पावसाळ्यात त्यातून शेतात आणि ओहोळात काय उतरते, हे डिचोली-सत्तरीच्या शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. म्हणून खाणबंदीचे कागद हाती आले की आधी डंपचे पान उघडा, असे मी सगळ्यांना सांगतो.

अंतिम खाणबंदी आराखडा म्हणजे खाण बंद करून जागा सुरक्षित कशी करायची याची योजना. ही माहिती लोह, मँगनीज, बॉक्साइट अशा प्रमुख खनिजांच्या खाणपट्ट्यांसाठी आहे. दगड, मुरूम, वाळू ही गौण खनिजे. त्यांचे नियम राज्याचे. कोळशाची व्यवस्थाही वेगळी.

अर्ज कोणी आणि कधी करायचा?

अर्ज खाणपट्टाधारकानेच करायचा, तोही भारतीय खाण ब्यूरोकडे. ब्यूरोचे मुख्यालय नागपुरात आहे, पण प्रस्ताव आपल्या भागाच्या प्रादेशिक कार्यालयात जातो. २०१७च्या खनिज संवर्धन व विकास नियमांनुसार खाण बंद करण्याच्या नियोजित तारखेच्या दोन वर्षे आधी अंतिम आराखडा द्यावा लागतो आणि त्यावर ९० दिवसांत निर्णय कळवणे अपेक्षित असते. मुदतीत आराखडा दिला नाही तर आर्थिक हमी, म्हणजे हे काम होईल याची खात्री म्हणून ठेवलेली रक्कम, जप्त होऊ शकते. ही तरतूद २०२१च्या दुरुस्तीने आली.

आराखडा तयार करणारी व्यक्ती खाण अभियांत्रिकीची पदवीधर किंवा भूशास्त्राची पदव्युत्तर असावी, आणि पदवीनंतर पाच वर्षांचा अनुभव हवा.

कागदपत्रे

खाणपट्ट्याचा करार, आधीचा मंजूर खाणकाम आराखडा आणि त्यातले किती काम झाले याचा आढावा, पर्यावरण मंजुरीचे पत्र, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, कंपनी असल्यास संचालक मंडळाचा ठराव, बंद करण्याचे कारण, कामगारांचे पुढे काय होणार याची नोंद, खर्चाचा अंदाज, कामाचे वेळापत्रक आणि हमीचा तपशील.

नकाशांकडे जरा जास्त लक्ष द्या. प्रत्येक डंपचे समोच्च रेषांसह (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) मोजमाप आणि आडवे छेद (ढीग उभा कापला तर दिसेल तो आकार) लागतात: आजचा उतार एका रेषेने, काम झाल्यावरचा दुसऱ्या रेषेने. नुसते ‘डंपवर वृक्षारोपण करण्यात येईल’ हे वाक्य मी अनेक प्रस्तावांत वाचले आहे. उतार कमी न करता लावलेली रोपे दुसऱ्या पावसात मुळांसकट खाली येतात.

उताराचे गणित

टिपरने ओतलेला दगड साधारण ३५ ते ३७ अंशांवर आपोआप थांबतो. कोरड्या दिवसांत तो भक्कम वाटतो, पण पाणी मुरले की आतला दाब वाढतो आणि पकड सुटते. कोळसा खाणींच्या २०१७च्या विनियमांत डंपचा उतार ३७.५ अंशांपेक्षा जास्त नको, ३० मीटरपेक्षा उंच ढिगाला पायऱ्या हव्यात, असे स्पष्ट लिहिले आहे. इतर खाणींच्या पर्यावरण मंजुरीत बऱ्याचदा एकूण उतार २८ अंशांच्या आत ठेवण्याची अट असते. तुमच्या पत्रातला आकडा पाहा, तोच तुम्हाला लागू. आणि धोका फक्त पावसाळ्यातच असतो असे समजू नका: झारखंडमधल्या राजमहल कोळसा खाणीत २९ डिसेंबर २०१६ला दगडमातीचा ढीग घसरला आणि २३ कामगार गेले.

माथ्यावर, कडेला समांतर अशी बारीक भेग दिसली तर ती मातीने बुजवून मोकळे होऊ नका. दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका, टेपने अंतर मोजून वहीत लिहा आणि रोज परत मोजा. अंतर वाढत असेल तर पायथ्याशी कुणालाही जाऊ देऊ नका आणि खाण व्यवस्थापकाला लगेच कळवा.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी माथ्यावरचे पाणी वळवणारी चर, मग पायऱ्या, पायथ्याला दगडी भिंत आणि त्याखाली गाळ बसण्यासाठी तळे. मग राखून ठेवलेली वरची माती पसरायची, त्यावर काथ्याचे जाळे आणि गवत. आमच्याकडे वाळा चांगला धरतो. झाडे शेवटी. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२०च्या आदेशानंतर खोदलेल्या जमिनीवर पुन्हा गवत उगवणे ही अटच झाली आहे. ते चाऱ्यासाठी उपयोगी पडायला हवे.

हमी आणि दाखला

वापरात आलेल्या दर हेक्टरला ‘अ’ वर्गाच्या (अवजड यंत्रांच्या किंवा जास्त कामगारांच्या) खाणीसाठी ५ लाख रुपये आणि ‘ब’ वर्गासाठी (बाकीच्या खाणी) ३ लाख रुपये असा आर्थिक हमीचा दर आहे. लिलावातून मिळालेल्या पट्ट्यांना कामगिरी हमी (अटी पाळल्या जातील याची हमी) आधीच द्यावी लागते. आराखड्याप्रमाणे संरक्षण आणि पुनर्वसनाचे काम झाल्याचा दाखला मिळेपर्यंत खाण सोडून जाता येत नाही.

गावकऱ्यांसाठी

झालेल्या कामाचा अहवाल खाणपट्टाधारकाने दरवर्षी १ जुलैपूर्वी द्यायचा असतो, आणि काम राहिले असल्यास कारणही लिहायचे असते. माहिती अधिकारात ब्यूरोच्या प्रादेशिक कार्यालयाकडे हा अहवाल आणि मंजूर आराखड्यातले डंपचे छेद एकत्र मागा. अर्जात खाणपट्ट्याचे नाव, गाव, तालुका आणि कोणत्या वर्षाचा अहवाल हवा ते नीट लिहा. मग दोन्ही कागद घेऊन डंपच्या पायथ्यापासून लांब उभे राहा आणि पायऱ्या मोजा.