क्षमापत्रांची विक्री (शुद्धिस्थानातील आत्म्यांसाठी)

मृत नातलगांचे आत्मे शुद्धिस्थानातून (स्वर्गात जाण्याआधी उरलेली शिक्षा भोगण्याच्या जागेतून) सुटतील अशा बोलीवर पैसे गोळा करण्याची उत्तर मध्ययुगीन युरोपातील पद्धत. १४७६ मध्ये तिला पोपची मान्यता मिळाली, १५१७ मध्ये जर्मन प्रदेशात ती कळसाला पोचली आणि १५६७ मध्ये पोप पाचवा पायस याने पैशाशी जोडलेली सर्व क्षमादाने रद्द केली. या विक्रीचे नाव निघाले की डोमिनिकन संघाचा साधू योहान टेट्झेल (सु. १४६५–१५१९) याच्याकडे बोट दाखवले जाते. पण तो साखळीतला शेवटचा माणूस होता. त्याच्या वर कर्जात बुडालेला आर्चबिशप होता, आर्चबिशपच्या मागे सावकारी पेढी होती आणि पलीकडे रोमचा दरबार. कोणाचा हिस्सा किती, हे प्रवचनाला सुरुवात होण्याआधीच ठरलेले होते.

क्षमा कशाची? पोप पैसे घेऊन पापे माफ करत असे, असा ढोबळ समज आपल्याकडे सर्रास आढळतो. कागदावरचा दावा तसा नव्हता. चर्चच्या शिकवणीप्रमाणे पापातून दोन गोष्टी निर्माण होतात: अपराध आणि शिक्षा. मनापासून पश्चात्ताप करून पापनिवेदन केले आणि धर्मगुरूने क्षमा दिली की अपराध मिटतो, नरक टळतो. शिक्षा मात्र शिल्लक राहते. ती उपवास, प्रार्थना, यात्रा, दानधर्म करून याच जन्मी फेडायची; राहिलेली बाकी मेल्यानंतर शुद्धिस्थानात फेडावी लागते. क्षमादान लागू होते ते या बाकीला. शुद्धिस्थानातला आत्मा स्वर्गात जाणार हे नक्की असते, प्रश्न फक्त विलंबाचा आणि यातनांचा असतो. जिवंत माणसाच्या कृत्याचे फळ मृताला पोचते ही कल्पना श्राद्ध घालणाऱ्या समाजाला समजायला अवघड नाही. त्या काळच्या युरोपातही ती घरोघरी मुरलेली होती. म्हणूनच गिऱ्हाईक शोधत फिरावे लागत नसे.

सवलत कशी वाढत गेली? १०९५ मध्ये क्लेरमाँच्या सभेत पोप दुसरा अर्बन याने केवळ भक्तिभावाने जेरुसलेमच्या मुक्तीसाठी निघणाऱ्याला ती मोहीमच संपूर्ण प्रायश्चित्त मानली जाईल असे ठरवले. पुढे स्वतः लढायला न जाता खर्च उचलणाऱ्यालाही फळ मिळू लागले आणि इथेच पैसा आत शिरला. धोका चर्चला दिसत नव्हता असे नाही. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने बिशपांना मर्यादा घातली: नव्या चर्चच्या समर्पणप्रसंगी जास्तीत जास्त एक वर्षाची क्षमा, वार्षिक दिनी चाळीस दिवसांची. दान गोळा करणाऱ्यांनी अधिकृत पत्र दाखवल्याशिवाय त्यांना उभे करू नये, असेही त्याच परिषदेने बजावले. म्हणजे तोतये वसुलीदार तेव्हाच गावोगाव फिरत होते. १३०० च्या पहिल्या पवित्र वर्षात आठव्या बॉनिफेसने रोमवासीयांना तीस दिवस आणि बाहेरच्यांना पंधरा दिवस संत पीटर व संत पॉल यांच्या महामंदिरांचे दर्शन घेण्याच्या अटीवर पूर्ण क्षमा दिली. १३४३ मध्ये सहाव्या क्लेमेंटने तत्त्व मांडले की ख्रिस्ताच्या आणि संतांच्या पुण्याचा अक्षय साठा चर्चपाशी आहे आणि त्यातून वाटप करण्याचा अधिकार पोपला आहे.

एवढे झाले तरी हे सारे जिवंतांपुरते होते. १४७६ मध्ये चौथ्या सिक्स्टसने फ्रान्समधील सँत येथील संत पीटर चर्चच्या दुरुस्तीसाठी जे फर्मान काढले, त्यात मृतांसाठी पैसे भरण्याची सोय झाली. त्यातला एक शब्दप्रयोग फार जपून घातलेला होता. पोपचा अंमल जिवंतांवर चालतो. मेलेल्यांसाठी तो हुकूम सोडू शकत नाही, देवाकडे रदबदली करू शकतो. ही रदबदली मान्य होईलच याची हमी कागदात नव्हती. व्यासपीठावरून बोलणाऱ्यांनी नेमकी हीच अट गाळली. नाणे पडताक्षणी आत्मा उडून स्वर्गात जातो, या विधानाचा पॅरिसच्या धर्मशास्त्र विभागाने १४८२ मध्येच निषेध केला होता, म्हणजे टेट्झेलच्या मोहिमेच्या पस्तीस वर्षे आधी.

छापील पत्र. हा व्यवहार एवढ्या प्रमाणावर करणे छपाईमुळे शक्य झाले. जंगम खिळ्यांवर छापलेल्या ज्या युरोपीय मजकुरांची तारीख निश्चित सांगता येते, त्यांत सर्वांत जुनी क्षमापत्रेच आहेत. ती माइन्झ येथे १४५४–५५ मध्ये, तुर्कांविरुद्ध सायप्रसच्या बचावासाठी निधी उभारायला छापली गेली. एकाच बाजूला छापलेले चर्मपत्राचे एक पान. एका आवृत्तीत ३१ ओळी, दुसरीत ३०. मजकूर लॅटिनमध्ये. घेणाऱ्याचे नाव, ठिकाण आणि तारीख यांसाठी कोऱ्या जागा सोडलेल्या, त्या लेखनिक शाईने भरत असे. खाली धर्मगुरूने म्हणायची क्षमेची दोन सूत्रे असत: एक हयातीत वापरायचे, दुसरे मरणसमयी. हे दुसरे सूत्र पुढच्या गोंधळाचे मूळ ठरले. पत्र आज घ्यायचे आणि ते वीस वर्षांनी मरताना लागू व्हायचे, म्हणजे मधल्या काळातल्या पापांचीही सोय आधीच झाली, असा सरळ अर्थ सामान्य माणसाने काढला. पापनिवेदनाची अट त्याच पानावर होती, पण लॅटिन वाचता येणारे किती?

१५१४ चा सौदा. ब्रांडेनबुर्गचा आल्ब्रेख्त (जन्म १४९०) १५१३ मध्ये माग्डेबुर्गचा आर्चबिशप आणि हाल्बरश्टाटचा प्रशासक झाला, आणि पुढच्याच वर्षी माइन्झच्या आर्चबिशपपदी निवडून आला. माइन्झचे पद म्हणजे सम्राटाच्या निवडणुकीतले एक मत. अडचणी दोन होत्या: वय कमी होते आणि एकाहून अधिक बिशपपदे एकाने धरणे नियमाविरुद्ध होते. रोमने दोन्हींतून सूट दिली, पण किंमत घेऊन. पदाच्या मान्यतेसाठी १४,००० डुकाट (सोन्याची नाणी) आणि विशेष परवानगीसाठी आणखी १०,००० डुकाट. आल्ब्रेख्तने आउग्सबुर्गच्या फुगर पेढीकडून २९,००० ऱ्हेनिश गुल्डेन कर्जाऊ घेतले.

कर्ज फिटावे कसे, याचा तोडगाही रोमहूनच आला. संत पीटरच्या नव्या महामंदिराची पायाभरणी १५०६ मध्ये झाली होती आणि बांधकामाला पैसा पुरत नव्हता. दहाव्या लिओने ३१ मार्च १५१५ च्या फर्मानाने आल्ब्रेख्तला त्याच्या प्रांतांत आठ वर्षे या बांधकामासाठी क्षमापत्रे देण्याचा मक्ता दिला. जमलेल्या पैशातला अर्धा रोमला आणि अर्धा कर्जाच्या फेडीसाठी. सम्राट माक्सिमिलियननेही आपला वाटा मागून घेतला. पैसे टाकणाऱ्या माणसांना सांगितले जात होते ते फक्त संत पीटरचे मंदिर. अर्धा पैसा एका तरुण सरदारपुत्राच्या पदाच्या किमतीपोटी चालला आहे, हे त्यांच्यापासून लपवले गेले. या प्रकरणातली खरी फसवणूक ही आहे, आणि ती टेट्झेलच्या तोंडाळपणापेक्षा कितीतरी मोठी आहे.

कामाची रीत. आल्ब्रेख्तच्या नावाने टेट्झेलसारख्या प्रचारकांसाठी सविस्तर सूचनापुस्तिका निघाली. मोहीम चालू असेपर्यंत त्या प्रांतांतली इतर क्षमादाने स्थगित केली गेली, म्हणजे आधी दुसरे पत्र घेतलेल्यालाही नव्याने खर्च करायला लावले. गावात प्रवेश वाजतगाजत होई. मखमलीवर किंवा जरीच्या कापडावर ठेवलेले पोपचे फर्मान पुढे, सामोरे आलेले धर्मगुरू, साधू, नगरसभेचे सदस्य, शिक्षक आणि विद्यार्थी, हातात मेणबत्त्या, चर्चच्या घंटा चालू. चर्चच्या मधोमध मोठा लाल क्रूस उभारत आणि त्यावर पोपचे निशाण लावत. पेटी तिथेच. तिला एकापेक्षा जास्त कुलपे असत आणि ती उघडताना फुगर पेढीचा माणूस हजर राहत असे.

पुस्तिकेत चार कृपा सांगितल्या होत्या. पहिली, सर्व शिक्षेची पूर्ण माफी. तिच्यासाठी पापनिवेदन करायचे, पोपचे चिन्ह लावलेल्या सात चर्चना भेट द्यायची आणि प्रत्येक ठिकाणी पाच वेळा ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ आणि पाच वेळा ‘नमो मारिया’ म्हणायचे. सात चर्च नसतील तिथे सात वेद्या चालत. दुसरी कृपा म्हणजे पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू आपल्या पसंतीने निवडण्याचे पत्र. एरवी वरिष्ठांनी राखून ठेवलेल्या पापांचीही क्षमा त्याला देता येई. तिसरी, चर्चभरच्या प्रार्थना, उपवास आणि मिस्सांच्या (चर्चमधील मुख्य उपासनांच्या) पुण्यात वाटा.

पैसे ऐपतीप्रमाणे. राजेराण्या आणि बिशप यांना २५ सोन्याचे गुल्डेन, सधन व्यापाऱ्यांना ६ किंवा ३, कुटुंब चालवणाऱ्या साध्या नागरिकाला व कारागिराला १, त्याखाली अर्धा. ज्याच्यापाशी काहीच नाही त्याने प्रार्थना आणि उपवास करावेत, कारण स्वर्गाचे राज्य गरिबांनाही तितकेच खुले असले पाहिजे, असे पुस्तिका म्हणते. स्वतःचे स्त्रीधन असलेल्या विवाहितेने नवऱ्याची मर्जी नसली तरी त्यातून द्यावे, अशीही सूचना आहे.

चौथी कृपा शुद्धिस्थानातल्या आत्म्यांसाठी. इथे पुस्तिका स्पष्ट सांगते की पैसे टाकणाऱ्याने पश्चात्ताप करण्याची किंवा पापनिवेदन करण्याची गरज नाही. पेटीत रक्कम टाकली की पुरे. यामागे युक्तिवाद होता: मृत माणूस देवाच्या प्रेमात राहूनच मेला, तेव्हा लागणारी पात्रता त्याची, देणाऱ्याची नव्हे. तर्क म्हणून तो अगदीच पोकळ नाही. पण व्यवहारात त्याने उरलेला शेवटचा अडसर काढला. पहिल्या कृपेसाठी निदान गुडघे टेकावे लागत, सात ठिकाणी फिरावे लागे, धर्मगुरूसमोर तोंड उघडावे लागे. चौथीत नुसता हात खिशात घालायचा. प्रचारकांनी सर्वांत जास्त भर याच कृपेवर दिला यात नवल नाही. आगीत होरपळणारे आईबाप लेकरांना हाका मारत आहेत, थोडक्या पैशांत सुटका होत असताना तुम्ही गप्प कसे, हा त्यांच्या प्रवचनांचा ठरलेला सूर. पेटीत नाणे खणकले की आत्मा आगीतून उडी मारतो, ही प्रसिद्ध जर्मन ओळ टेट्झेलच्या नावावर आहे. नेमके हेच शब्द त्याचेच होते की नाही हे सोडले, तरी तशी प्रवचने होत होती हे या विक्रीविरुद्ध पुढे उभ्या राहिलेल्या मार्टिन ल्यूथरच्या २७ व्या प्रबंधावरून (वादासाठी मांडलेल्या विधानावरून) दिसते.

कुठे बिनसले? पहिला अडथळा धर्माचा नव्हता. सॅक्सनीचा निर्वाचक (सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राजा) फ्रीडरिश याने आपल्या हद्दीत टेट्झेलला येऊ दिले नाही. विटेनबर्गच्या चर्चमध्ये त्याचा स्वतःचा पवित्र अवशेषांचा संग्रह होता. १५२० पर्यंत त्यात १९,०१३ अवशेष जमले होते आणि त्यांच्या दर्शनाने एकूण १९,०२,२०२ वर्षे आणि २७० दिवसांची क्षमा मिळते असा हिशेब होता. आपल्या प्रजेचा पैसा शेजारच्या घराण्याच्या पेटीत जावा हे त्याला मंजूर नव्हते. पण विटेनबर्गकर सीमा ओलांडून युटरबोगला आणि त्सेर्ब्स्टला गेले आणि पत्रे घेऊन परतले.

विटेनबर्गमध्ये पापनिवेदन ऐकणाऱ्या ल्यूथरपुढे प्रश्न आला तो इथे. पत्र हाती असलेला माणूस प्रायश्चित्त कशाला करील? ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी त्याने आल्ब्रेख्तला पत्र लिहिले आणि सोबत ९५ प्रबंध जोडले. आर्चबिशपचा या पैशात हिस्सा आहे हे त्याला तेव्हा माहीत नव्हते. प्रबंधांत क्षमादानाचा सरसकट धिक्कार नाही, पण सामान्य लोक विचारतात म्हणून त्याने दिलेले प्रश्न वर्मी लागणारे आहेत. पोप पैशासाठी इतके आत्मे सोडवतो, तर निव्वळ प्रेमापोटी सगळे शुद्धिस्थान रिकामे का करत नाही (८२)? आत्मा सुटलाच असेल तर त्याच्यासाठी नेमलेल्या मिस्सांचा निधी परत का देत नाहीत (८३)? एवढा श्रीमंत पोप स्वतःच्या पैशाने मंदिर का बांधत नाही (८६)?

तिसरा प्रश्न जिव्हारी लागला तरी रोमकडे उत्तर नसलेला प्रश्न पहिला होता. पोप फक्त रदबदली करतो हे कबूल करावे, तर विक्री थांबते. त्याची सत्ता मृतांवरही चालते म्हणावे, तर तो निष्ठुर ठरतो. नोव्हेंबर १५१८ मध्ये लिओने फर्मान काढून मृतांना क्षमादान रदबदलीच्या मार्गानेच मिळते असे पुन्हा स्पष्ट केले, पण तोवर वेळ निघून गेली होती. टेट्झेलला जानेवारी १५१९ मध्ये पोपच्याच दूताने फैलावर घेतले. त्याच वर्षी ११ ऑगस्टला तो लायपझिगच्या मठात मरण पावला. आजारपणात ल्यूथरने त्याला धीराचे पत्र लिहिले होते. आल्ब्रेख्त मात्र १५१८ मध्येच कार्डिनल झाला आणि १५४५ मध्ये मरेपर्यंत पदावर राहिला.

शेवट आणि नंतर. ट्रेंटच्या परिषदेने १५६२ मध्ये दानवसुली करणाऱ्यांचे पदच मोडीत काढले आणि डिसेंबर १५६३ मध्ये क्षमादान कायम ठेवून त्यातली ‘दुष्ट कमाई’ बंद करण्याचा ठराव केला. मूळ तत्त्व चर्चने सोडले नाही. १९६७ मध्ये सहाव्या पॉलने दिवस व वर्षे मोजण्याची पद्धत काढून टाकली. आता क्षमादान फक्त पूर्ण किंवा आंशिक असते. १ ते ८ नोव्हेंबरदरम्यान दफनभूमीला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना केल्यास त्यांच्या नावे पूर्ण क्षमा मिळते. वसई आणि गोव्यातील कॅथलिक कुटुंबे २ नोव्हेंबरला कबरींवर फुले वाहून मेणबत्त्या लावतात त्या दिवसांना हाच नियम लागू आहे. अटी आहेत पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाची ओढ मनातून काढणे. पैसे लागत नाहीत, आणि पूर्ण क्षमा दिवसाला एकदाच मिळवता येते.